संगणक वाचायला शिकवतो का? चार दशकांचा भारतीय हिशेब

मुलाने मोठ्याने वाचायचे आणि यंत्राने ते ऐकून सांगायचे, की किती शब्द बरोबर आले, कोठे अडखळले, कोणता शब्द गळाला. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. प्रीती राव यांच्या गटाने विकसित केलेली ‘तारा’ ही प्रणाली नेमके हेच करते आणि केंद्रीय विद्यालय संघटनाने आपल्या शाळांतील वाचनाच्या मूल्यमापनासाठी ती स्वीकारली आहे. अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एका गटाला वाटते की आता शिक्षकांची उणीव यंत्र भरून काढील; दुसऱ्याला वाटते की हा आणखी एक खर्चिक देखावा. हे सारे काल-परवा सुरू झाले, असे मात्र दोघेही गृहीत धरतात. वस्तुतः संगणकाच्या साहाय्याने वाचन शिकवण्याचे प्रयत्न आपल्या देशात पंचवीस वर्षांहून जुने आहेत आणि त्यांची पूर्वतयारी चाळीस वर्षांची आहे. त्यांतून हाती आलेले काही निष्कर्ष पुरेसे स्पष्ट आहेत. ते बाजूला ठेवून नवी खरेदी करणे परवडणारे नाही, कारण प्रश्न लहान नाही. ‘असर’ या सर्वेक्षणात २००५ पासून ग्रामीण भारतातील मुलांना घरी जाऊन एक साधा परिच्छेद वाचायला दिला जातो. इयत्ता दुसरीच्या पातळीचा हा परिच्छेद वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१८ मध्ये सुमारे निम्मी होती, महासाथीनंतर २०२२ मध्ये सुमारे ४३ टक्के उरली आणि २०२४ मध्ये सुमारे ४९ टक्क्यांवर आली. म्हणजे चांगल्या वर्षीही पाचवीच्या वर्गातील प्रत्येक दुसरे मूल समोरच्या पाठ्यपुस्तकापासून वंचित असते.

या कथेचा आरंभ भारतात नाही. १९६६ साली कॅलिफोर्नियातील ईस्ट पालो आल्टो येथील ब्रेंटवुड शाळेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पॅट्रिक सप्पीस आणि रिचर्ड ॲटकिन्सन यांनी पहिलीच्या मुलांना संगणकासमोर बसवले. सप्पीस गणिताकडे पाहत होते, ॲटकिन्सन वाचनाकडे. आयबीएमचे ते यंत्र ध्वनिमुद्रित आवाजात शब्द उच्चारी, पडद्यावर अक्षरे दाखवी आणि मूल प्रकाशलेखणी पडद्याला टेकवून उत्तर देई. यंत्र बोलू शकत होते, दाखवू शकत होते. मुलाने उच्चारलेला शब्द बरोबर आहे की नाही, हे मात्र त्याला कळत नव्हते. वाचन शिकणे ही मुख्यतः मुलाने मोठ्याने वाचण्याची आणि कोणीतरी ते ऐकून दुरुस्त करण्याची क्रिया आहे. त्यामुळे ही उणीव किरकोळ नव्हती. पुढची पन्नास वर्षे बहुतेक सर्व वाचन-कार्यक्रमांनी ती सोबत बाळगली.

भारतात शाळेत संगणक आला तो १९८४ मध्ये, ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पातून. प्रारंभी सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो ही यंत्रे मिळाली. चंडीगढच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्यांची निर्मिती हाती घेतली. स्मृती ३२ किलोबाइट, आज्ञा इंग्रजीत. प्रकल्पाच्या नावातच ‘संगणक साक्षरता’ होती. ज्या देशात १९८१ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक अक्षरशः निरक्षर होते, तेथे ‘साक्षरता’ हा शब्द संगणक चालवण्यासाठी उसना घेतला गेला, यातील विसंगती त्या वेळी फार कोणाला खुपली नसावी. या यंत्रांचा वाचन शिकवण्याशी संबंध नव्हता आणि असता तरी तो इंग्रजीपुरताच उरला असता, कारण देवनागरी किंवा तमिळ पडद्यावर उमटवणे हीच तेव्हा संशोधनाची बाब होती.

ते संशोधन आयआयटी कानपूरमध्ये चालू होते. प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले देवनागरी संगणक-टर्मिनल १९८३ च्या दिल्लीतील विश्व हिंदी संमेलनात दाखवले गेले. त्यातूनच पुढे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते तेथे वाढले. सी-डॅक म्हटले की आपल्याला ‘परम’ महासंगणक आठवतो. परंतु साध्या पीसीच्या खाचेत बसणाऱ्या जिस्ट कार्डाने अधिक लोकांच्या जीवनाला स्पर्श केला असे माझे मत आहे. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच सांकेतिक व्यवस्था, इस्की, १९८८ मध्ये मांडली गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली आहे. आपण आज हा मजकूर ज्या संकेतांत वाचत आहात, त्यांचे मूळ तेथे आहे.

या कामाचा वाचनाशी एक खोल संबंध आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. इस्कीने ठरवले की संगणकाच्या स्मृतीत अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवायचे आणि पडद्यावर आकाराच्या क्रमाने काढायचे. ‘कि’ हे अक्षर घ्या. उच्चारात आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र पहिली वेलांटी आधी दिसते आणि ‘क’ नंतर. ‘र्क’ मधील रफार उच्चारात आधी, पण दिसतो नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर. हा उलटफेर यंत्राला शिकवण्यासाठी अभियंत्यांना स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागली. सहा वर्षांच्या मुलाला तोच उलटफेर कोणत्याही आज्ञावलीविना, केवळ सरावाने आत्मसात करायचा असतो. इंग्रजीत २६ अक्षरे ओळखून झाली की अडचण असते ती स्पेलिंगच्या लहरीपणाची. आपल्याकडे नियम बऱ्यापैकी सरळ आहेत, पण बाराखडी आणि जोडाक्षरे धरून ओळखायची चिन्हे काही शेकड्यांत जातात. बंगळूरुच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की अक्षरज्ञानाचा हा प्रवास पहिली-दुसरीत संपत नाही. तो चौथीपर्यंत रेंगाळतो. म्हणून इंग्रजीसाठी बेतलेले वाचन-कार्यक्रम केवळ भाषांतर करून येथे चालवणे हे मुळातच चुकीच्या नकाशावर प्रवास करण्यासारखे होते.

स्वतःचा नकाशा आखण्याचा पहिला मोठा प्रयत्न शाळेसाठी नव्हता, प्रौढांसाठी होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे एफ. सी. कोहली यांना प्रौढ साक्षरतेची गती फार संथ वाटत होती. २००१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६५ टक्के निघाले. उरलेल्यांची संख्या कोट्यवधी होती. कोहलींच्या पुढाकाराने २००० साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात, हैदराबादजवळच्या बीरमगुडा गावात, तेलुगू कार्यक्रमाची पहिली चाचणी झाली. राष्ट्रीय साक्षरता अभियानाचीच पुस्तके घेतली, पण अक्षरे एकेक करून घोटून घेण्याऐवजी शब्दापासून आरंभ केला. शब्द पडद्यावर हलत्या चित्रांसह येई, आवाज तो उच्चारी, मग तो अक्षरांत फुटे आणि पुन्हा जुळे. कचेऱ्यांतून बाद झालेले जुने संगणक त्यासाठी पुरत असत. सुमारे ४० तासांच्या शिकवणीत काही शे शब्दांची ओळख होऊन साधा मजकूर वाचता यावा, हे लक्ष्य होते. पुढे हा कार्यक्रम तमिळ, हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती अशा अनेक भाषांत उतरला.

कोहलींच्या विचारातील एक धाडस मला आजही मोलाचे वाटते. त्यांनी लेखन बाजूला ठेवले. दिवसभर शेतात राबून आलेल्या स्त्रीला पाटीवर ‘अ’ गिरवायला लावणे आणि तिला बसची पाटी वाचता येणे, ही दोन वेगळी ध्येये आहेत हे त्यांनी ओळखले. साक्षरतेची जनगणनेतील व्याख्या वाचन आणि लेखन दोन्ही मागते. कोहलींनी अर्धीच व्याख्या घेतली आणि त्या बदल्यात वेळ वाचवला. मात्र ४० तास हा आकडा शिकवायला किती वेळ लागला ते सांगतो. शिकलेले वर्षभराने किती उरले, आणि त्याच ४० तासांत एखाद्या चांगल्या शिक्षिकेने खडू-फळ्यावर किती साधले असते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तुलनेची रचना लागते.

तशी रचना त्याच दशकात उभी राहिली, पण गणितात. मधल्या काळातील दोन प्रसिद्ध प्रयोगांचा उल्लेख करून पुढे जातो: जानेवारी १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत बसवलेला संगणक, आणि अझीम प्रेमजी फाउंडेशनने तयार केलेल्या शंभराहून अधिक शैक्षणिक सीडी. पहिल्याचे जगभर कौतुक झाले. दुसऱ्या संस्थेने काही वर्षांनी स्वतःच्या अनुभवाकडे पाहून आपला भर संगणकावरून शिक्षकांकडे वळवला. मला दुसरी घटना अधिक महत्त्वाची वाटते, कारण आपल्याच गाजलेल्या उपक्रमाबद्दल इतके स्पष्ट बोलणाऱ्या संस्था थोड्या.

आता तुलनेकडे. गुजरात सरकारने २००० साली वडोदऱ्यातील १०० महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. ‘प्रथम’ या संस्थेने तेथे चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ आणले: एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास, त्यांतील एक शाळेच्या वेळेबाहेर. कोणत्या शाळांना कार्यक्रम मिळणार हे सोडतीने ठरले, म्हणून उरलेल्या शाळांशी प्रामाणिक तुलना शक्य झाली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्तेर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुसऱ्या वर्षाअखेरची वाढ ०.४७ प्रमाण विचलन इतकी निघाली.

येथे क्षणभर थांबतो. आम्हा भौतिकशास्त्राच्या लोकांना सिग्मा म्हटले की ‘पाच सिग्मा’ आठवते, आणि ०.४७ सिग्मा ऐकून हसू येते. ते हसू अनाठायी आहे. आमचा सिग्मा मोजमापातील अनिश्चिततेचा असतो. येथे तो मुलामुलांतील गुणांच्या पसरणीचा आहे. शंभरांच्या रांगेत अगदी मध्यावर, पन्नासाव्या स्थानी असलेले मूल ०.४७ ने पुढे सरकले तर ते साधारण अडुसष्टाव्या स्थानी पोहोचते. शिक्षणाच्या जगात ही मोठी झेप आहे. दुःखाची बाब ही, की कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने मोजले तेव्हा ती झेप सुमारे ०.१ वर आली होती. आणि दुसरी बाब: गणित सुधारले म्हणून भाषा सुधारली नाही. वाचन हे वाचनानेच येते.

त्याच निबंधात मुंबई आणि वडोदऱ्यातील ‘बालसखी’चेही मोजमाप आहे. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी दररोज दोन तास वर्गाबाहेर नेऊन वाचन आणि अंकगणित शिकवी. तिची वाढ दुसऱ्या वर्षी ०.२८ होती. संगणकापेक्षा कमी दिसते, पण खर्च पाहिला तर पारडे बालसखीकडे झुकते.

याहून कठोर उत्तर लिंडन यांना गुजरातमधील ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत मिळाले. तेच गणिताचे कार्यक्रम दोन प्रकारे वापरले गेले. काही शाळांत मुले नेहमीचा तास सोडून संगणकावर बसली, तर काहींत शाळा सुटल्यावर. शाळेनंतर बसलेल्या मुलांची प्रगती ०.२८ ने अधिक झाली. तास सोडून बसलेल्यांची ०.५७ ने कमी झाली. यंत्र तेच, खेळ तेच. फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी संगणकाने वेळ दिला आणि दुसऱ्या ठिकाणी घेतला. ज्ञानशालेतील शिकवणी मुळात चांगली होती, म्हणून तिची जागा घेणे महाग पडले. या एका निष्कर्षासाठी मी हा लेख लिहीत आहे असे म्हटले तरी चालेल. कोणत्याही नव्या ॲपबद्दल पहिला प्रश्न ‘ते किती हुशार आहे’ हा नसावा. ‘ते कोणाचा तास घेणार आहे’ हा असावा.

वाचनाच्या बाबतीत भारतातील सर्वांत नेटकी चाचणी दिल्लीत झाली. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज या संस्थेच्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांत मुले शाळेनंतर येत. दीड तासापैकी निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ छोट्या गटात एका साहाय्यकासोबत. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी ६१९ मुलांमधून सोडतीने निवड करून साडेचार महिन्यांनी मोजले. गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी वाढ. हिंदीचा आकडा लहान वाटेल. पण साडेचार महिन्यांत पन्नासाव्या स्थानावरून एकोणसाठाव्या स्थानी जाणे थोडके नाही.

या अभ्यासातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद यंत्राबद्दल नाही, शाळेबद्दल आहे. सहावीतील सरासरी मूल हिंदीत सुमारे अर्धी इयत्ता मागे होते. नववीपर्यंत ते अंतर अडीच इयत्तांवर गेले. आणि ज्यांना हा कार्यक्रम मिळाला नाही, त्यांतील सर्वांत मागे असलेल्या एक-तृतीयांश मुलांची त्या काळात मोजण्याजोगी प्रगतीच झाली नाही. ती शाळेत जात होती, वर्गात बसत होती. शिकवणे त्यांच्या डोक्यावरून जात होते. माइंडस्पार्कने केले ते इतकेच: आधी मूल कोठे आहे हे शोधले आणि तेथून आरंभ केला. पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला हे ठाऊक नसते असे नाही, ते शक्य नसते. मात्र त्या दीड तासातील किती श्रेय पडद्याचे आणि किती साहाय्यकाचे, हे वेगळे करता येत नाही. तपासले गेले ते दोन्ही मिळून.

आता १९६६ मधील उणिवेकडे परत येऊ. यंत्राला ऐकू कधी येऊ लागले? १९९० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मोस्टो यांनी मुलाचे वाचन ऐकणारा शिक्षक-कार्यक्रम घडवला. त्याच्या मुळाशी होते त्याच विद्यापीठातील वाणी-ओळखीचे काम, ज्याचा पाया आंध्र प्रदेशात जन्मलेल्या राज रेड्डी यांनी घातला. त्यांना १९९४ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. एका अर्थी हे काम श्रुतलेखनापेक्षा सोपे आहे, कारण मूल काय वाचणार आहे ते यंत्राला आधीच ठाऊक असते. ऐकलेला ध्वनी त्या मजकुराशी जुळतो का, एवढेच पाहायचे. दुसऱ्या अर्थी ते अवघड आहे. घसा आणि तोंड मिळून होणारी पोकळी ही एका टोकाला बंद असलेल्या नळीसारखी धरली, तर तिची पहिली अनुनाद-वारंवारता ध्वनीच्या वेगाला लांबीच्या चौपटीने भागून मिळते. प्रौढ पुरुषाची नळी सुमारे १७ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ५०० हर्ट्झ. लहान मुलाची १२ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ७०० हर्ट्झच्या पुढे. प्रौढांच्या आवाजावर घडवलेल्या यंत्राला मूल परके वाटते ते यामुळे. त्यात मूल अडखळते, शब्द तोडते, मागे जाते, आणि शेजारच्या बाकावर दुसरे मूल मोठ्याने दुसरेच वाचत असते.

मार्च २०१९ मध्ये गूगलने ‘बोलो’ हे ॲप प्रथम भारतात आणले. उत्तर प्रदेशातील खेड्यांत आधी त्याची चाचणी झाली होती. ‘दिया’ नावाची पडद्यावरची सखी मुलाचे वाचन ऐके, अडलेला शब्द सांगे, आणि हे सारे इंटरनेट नसतानाही चाले. आरंभी हिंदी-इंग्रजी, नंतर मराठीसह इतर भाषा. नाव बदलून ‘रीड अलाँग’ झाले. त्यातील गोष्टींचा मोठा भाग मुक्त परवान्यावर गोष्टी देणाऱ्या ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ मंचावरून आला. तंत्रज्ञानाच्या बातम्यांत हा तपशील हरवतो. ऐकणारे यंत्र मिळाले तरी वाचायला मुलाला आवडेल असे काहीतरी लागते, आणि ते कोणीतरी लिहावे, चितारावे लागते.

‘तारा’ या परंपरेत येते, पण तिचे काम वेगळे आहे: ती मोजते. शिक्षकाला प्रत्येक मुलाचे वाचन एकेक करून ऐकायला जे दिवस लागतात, ते ती वाचवते. मोजमापाचे एकक आहे दर मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानानेही तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असे लक्ष्य ठेवले आहे. आता ‘घरासमोरच्या’ हा मराठी शब्द हिंदीत म्हणा: ‘घर के सामने वाले’. आमचा एक शब्द, त्यांचे चार. मल्याळम आणि तमिळ तर शब्द जोडत जाण्यात आपल्याही पुढे. एकाच वेगाने अक्षरे वाचणारी दोन मुले दोन भाषांत वेगवेगळे आकडे दाखवतील. २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात म्हणूनच २० भाषांसाठी वेगवेगळे निकष ठरवावे लागले. शिवाय ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द ऐकणाऱ्या यंत्राच्या कक्षेत अजून पुरते आलेले नाहीत. देवनागरीत नियम सरळ असल्यामुळे न समजता घडाघडा वाचणे इंग्रजीपेक्षा सोपे आहे. संस्कृत स्तोत्रे म्हणणाऱ्या कोणत्याही घरात याचा पुरावा मिळेल.

मोजणीने शिक्षकाचे दिवस वाचले, तर ते दिवस कोठे जातात हे पाहावे लागेल. ते मागे पडलेल्या मुलांच्या छोट्या गटाकडे गेले, तर वडोदरा आणि दिल्ली येथील अनुभव सांगतो की फरक पडतो. ते पुढच्या मोजणीची माहिती भरण्यात गेले, तर मुलांचे आकडे आपल्याकडे अधिक नेमके असतील आणि मुले होती तेथेच असतील. शाळेचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी खरेदीच्या आदेशासोबत हा रकानाही भरून घ्यावा: ॲप आल्यावर कोणता तास मोकळा झाला आणि तो कोणाला मिळाला.